अक्काच्या ऑपरेशननंतरची तीन वर्षं

नळावर, रेशनच्या रांगेत, विहाराच्या पायरीवर आम्हा दोघी बहिणींना एकच प्रश्न विचारला जातो. "तुमच्या अक्कानं वजनाचं ऑपरेशन केलं ना? मग मी करू का?" विचारणाऱ्या बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची साखर गोळ्यांना दाद देत नाही. उभ्या उभ्या आम्ही काय सांगणार? घाईत एवढंच सांगायचो, की ऑपरेशन अर्ध्या दिवसाचं असतं, पुढचं मात्र जन्मभराचं. यावेळी संपादकांनी पान दिलंय, तर सगळं सांगून टाकतो. आम्ही दोघी डॉक्टर नाही, हे आधीच लक्षात घ्या. हे लिहिताना अक्का शेजारी पीठ मळत बसली आहे आणि चुका काढते आहे.

अक्काचा जन्म दुष्काळाच्या साली, १९७२ चा. आई तेव्हा खडी फोडायच्या कामावर होती, अक्का झाडाला बांधलेल्या झोळीत. कामावर मिळणारी सुकडी आई पदरात बांधून आणायची. त्या घरात एक कायदा होता, ताटात टाकायचं नाही. पुढं आम्ही मुंबईला, घाटकोपरच्या डोंगरावर राहायला आलो, पोटाला मिळायला लागलं, तरी कायदा तोच राहिला. अक्का गेली वीस वर्षं पोळी-भाजीचे डबे करते. दिवसाला शंभर-सव्वाशे पोळ्या लाटायच्या, आणि दुपारी तीनला उरलेल्या पोळ्या, वाटीभर तेलकट भाजी, तळाचा भात, हेच तिचं जेवण. उरलेलं टाकवत नाही. सकाळी उपाशीपोटी तीन वेळा साखरेचा चहा, बरोबर पाव नाहीतर खारी. वस्तीत बायका अशाच जाड होतात, खाऊनपिऊन सुखी म्हणून नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर चार बायकांत जवळपास एक जादा वजनाची निघाली, आणि त्याच सर्वेक्षणात शंभरातल्या सत्तावन्न बायकांचं रक्त कमी निघालं. एकाच अंगात चरबी जास्त आणि रक्त कमी. अक्काचं तसंच होतं.

पन्नाशीला तिचं वजन १०८ किलो, उंची पाच फूट एक इंच. मधुमेहाला नऊ वर्षं झाली होती, दोन वेळा इन्सुलिन. रात्री इतकी घोरायची की मध्येच श्वास अडकून दचकून उठायची. आमच्या गल्लीपासून खालच्या रस्त्यापर्यंत एकशे चाळीस पायऱ्या आहेत. त्या चढताना ती चार ठिकाणी बसायची. वस्तीच्या संडासात बसलं की उठता यायचं नाही, बाहेर आमच्यापैकी एकीला उभं राहावं लागायचं. हे लिहू की नको असं आम्ही तिला विचारलं. "लिहा," म्हणाली, "ज्यांचं असं होतं त्यांना कळेल."

महापालिकेच्या रुग्णालयात साखरेसाठी जायची, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा हा विषय काढला. आम्ही घाबरलोच. २०१७ साली इजिप्तहून मुंबईत आणलेल्या त्या बाईला क्रेननं उचलून रुग्णालयात नेताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, आणि काही महिन्यांनी अबूधाबीत ती गेली हेही ऐकलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती केस वेगळी, वजन पाचशे किलोच्या आसपास आणि आधीचेच कितीतरी आजार. त्यांनी कागदावर जठर काढून दाखवलं. एका प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, उरते ती केळ्यासारखी नळी. तिला स्लीव्ह म्हणतात. दुसरा बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी वेगळी करतात, जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी, आणि तिला लहान आतडं आणून जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही. जुना मधुमेह असेल तर बायपासचा गुण जास्त येतो, म्हणून अक्कासाठी तो ठरला. दोन्ही दुर्बिणीतून होतात, पोटावर पाच-सहा बारीक छिद्रं पडतात.

आठ-दहा किलो जास्त आहेत म्हणून हे ऑपरेशन कुणी करत नाही. वजन किलोत घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं, म्हणजे बीएमआय निघतो. अक्काचा पंचेचाळीस होता. आपल्याकडं बरीच वर्षं साडेसदतीसच्या पुढं, किंवा मधुमेहासारखा आजार जोडीला असेल तर साडेबत्तीसच्या पुढं ऑपरेशनचा विचार होत आला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी हे आकडे आणखी खाली आणले आहेत. विम्याचा नियम वेगळा आहे. तिथं बीएमआय चाळीस लागतो, किंवा पस्तीस आणि जोडीला न आवरणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असं काही. घरात कुणाचा नोकरीचा विमा असेल तर आधी पॉलिसी वाचून घ्या. अक्काला विमा नव्हता. रुग्णालय महापालिकेचं असलं तरी आतडं जोडायच्या स्टेपलरच्या पट्ट्या बाहेरून आणायच्या होत्या. दोन ट्रस्टांच्या चिठ्ठ्या, बचत गटाचं कर्ज आणि दाजींची एफडी, असं करून लाखभर रुपये उभे राहिले.

तारीख मिळायच्या आधी एक अट होती. मशेरी बंद. अक्का तीस वर्षं मशेरी लावत होती. तंबाखूनं जोडाची जागा भरून येत नाही, तिथं अल्सर होतो, असं सर्जननी सांगितलं. आम्ही डबी गटारात टाकली, तिनं दुसरी आणली. तीही टाकली. शेवटी भाचीनं सांगितलं, "आई, तू मशेरी लावलीस तर मी डॉक्टरांना फोन करून तारीख रद्द करीन." दोन महिने कोरडे गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑपरेशन झालं.

त्याच संध्याकाळी नर्सनं तिला उठवून चालवलं. आम्हाला तो क्रूरपणा वाटला. पण पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे करावंच लागतं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सोडताना काय झालं तर लगेच परत यायचं ते सांगितलं: ताप, खूप जोरात धडधड, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी कळ, धाप, पोटरीला सूज. जोड गळत असेल तर अशी लक्षणं दिसतात. नाक्यावरच्या डॉक्टरकडं जाऊन सुई टोचून घेऊ नका, सरळ इथंच या, हे त्यांनी तीनदा बजावलं.

घरी आल्यावर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण कामाला आलं. एका वेळी दोन-तीन झाकणं, तीही घोट घोट. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. मुगाच्या डाळीचं पाणी, गाळलेलं ताक, शहाळं, दूध, कोंबडीचं तेल काढलेलं पाणी. दिवसात दीड लिटर पोटात जायला हवं आणि एका वेळी मावतं दोन झाकणं. म्हणजे दिवसभर तेच काम. भाचा मोबाइलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावून कामाला जायचा. मग दोन-तीन आठवडे घोटलेलं अन्न. वरण, मऊ उकडून कुस्करलेलं अंडं, दही, फोडणी न दिलेली गिलगिली खिचडी. दोन महिन्यांनी हळूहळू साधं जेवण.

रुग्णालयातून जो आहाराचा कागद मिळाला तो इंग्रजीत होता आणि त्यात ब्रोकोली, ओट्स आणि न जाणो काय काय. प्रोटीन पावडरचा डबा अडीच हजारांचा. एक डबा आणला, कारण पहिल्या महिन्यात दुसरा इलाजच नसतो. पुढं भाचीनं तो कागद समोर ठेवून आपल्या स्वयंपाकघरातून दुसरा तयार केला. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रोटीन लागतं, नाहीतर वजनाबरोबर मांसही झडतं. पन्नाशीत पाळी जायच्या सुमाराला हाडं आणि मांस तसंही उतरणीला लागलेलं असतं, त्यात हे, म्हणून या वयात प्रोटीनला फार जपायचं. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम. पेलाभर दूध सहा. वाटीभर घट्ट वरण सहा-सात. मूठभर सोयाबीनच्या वड्या, कोरड्या पंचवीस ग्रॅम भरतील एवढ्या, त्यात तेरा. कोंबडीचे किंवा माशाचे दोन-तीन लहान तुकडे, अठरा-वीस. थोडं दही, थोडे फुटाणे. झाले साठ. जेवताना आधी हेच खायचं, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळीचा तुकडा. आपल्या घरात उलटं असतं. भाकरी-भात पोटभर आणि कालवणातला तुकडा पुरुषांच्या ताटात. ज्या बाईच्या नशिबी आयुष्यभर रस्सा आला तिच्या ताटात आधी तुकडे वाढायला आमच्याच हाताला सवय लागत नव्हती. दाजींनी ती सवय लावली. ते स्वतः उठून तिच्या वाटीत कलेजी घालायचे.

जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. घास नखाएवढा, चावून चावून पाणी व्हायला हवा. एकदा घाईत भाकरीचा तुकडा गिळला तर तो छातीत अडकला, तोंडात फेस यायला लागला, अर्धा तास मोरीत ओणवी. एखाद्या वेळची अशी ओकारी चालते. पण सारखी उलटी व्हायला लागली तर थांबू नये. काही आठवड्यांतच बी-१ नावाचं जीवनसत्त्व संपतं, डोळ्यांना दोन दोन दिसायला लागतं, झोक जातो, माणूस बरळतो. हे मेंदूवर जाणारं दुखणं आहे आणि वेळेत सुई मिळाली तर टळतं.

अक्का सांगते, भूक नव्हती, तो त्रासच नव्हता. त्रास हाताचा होता. हात ताटातलं संपवायला जायचा. तिसऱ्या महिन्यात वाटीत तीन चमचे खिचडी उरली होती. पोट भरल्याचं तिला कळलं होतं. तरी आईची आठवण काढून तिनं ते तीन चमचे खाल्ले आणि लगेच सगळं बाहेर आलं. रडली. म्हणाली, "माझ्या आईनं खडी फोडली आणि मी अन्न टाकू?" त्यावर काय बोलावं ते आम्हाला कळलं नाही. धाकटीनं दुसऱ्या दिवशी बाजारातून चटणीच्या वाट्या आणल्या, अगदी लहान. त्यात मावेल तेवढंच वाढायचं. तरीही कधी कधी उरतं. आता ती उरलेलं झाकून ठेवते आणि दोन तासांनी खाते, किंवा सरळ टाकते. टाकायला तिला वर्ष लागलं.

दीड महिना पाच किलोच्या वर काही उचलायचं नव्हतं. आमच्याकडं पहाटे साडेपाचला पाणी येतं आणि हंडे अक्काच भरायची. यादी करायला बसल्यावर दिसलं की घरातलं प्रत्येक जड काम तिच्याकडं होतं. पाणी, गॅसचा सिलेंडर सरकवणं, पंचवीस किलोची पिठाची गोणी, ओले कपडे. भाचा आणि दाजींनी पाणी घेतलं, डबे आम्ही दोघींनी घेतले, पण तिच्यासारख्या पोळ्या जमल्या नाहीत आणि सहा गिऱ्हाइकं तुटली. ऑपरेशन करायचं ठरवताना घरच्यांनी पैशाचा हिशेब करावा, तसाच कामाचाही करावा.

वजन मात्र बघता बघता उतरलं. पहिल्या चार महिन्यांत २२ किलो. इन्सुलिन रुग्णालयातच निम्म्यावर आणलं होतं, दोन महिन्यांत बंद झालं. इथं एक धोका असतो. खाणं कमी झालं आणि साखरेच्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या जुन्याच चालू ठेवल्या, तर साखर पडते, चक्कर येते. गोळ्या डॉक्टरांकडून वरचेवर बदलून घ्याव्या लागतात. घोरणं थांबलं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपतात, सगळ्यांना झोप लागायला लागली, एक दाजी सोडून. ते रात्री उठून तिच्या नाकासमोर हात धरून बघायचे, श्वास चाललाय ना.

आणि मग वस्ती बोलायला लागली. गाल बसले, डोळे आत गेले, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात आणि प्रोटीन-लोह नीट असेल तर परत येतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. पण आपल्याकडं जाड बाई अचानक वाळली की लोकांच्या मनात एकच शब्द येतो. टीबी. ऑपरेशनचं आम्ही सुरुवातीला लपवलं होतं, "पित्ताचे खडे काढले" असं सांगितलं होतं. ती आमची चूक. डब्याची चार गिऱ्हाइकं काही न बोलता बंद झाली. एकीनं दारात डबा परत ठेवला आणि आत आलीच नाही. शेवटी आरोग्यसेविका घरी आली, कुणीतरी तिला कळवलं होतं. अक्का चिडली नाही. तिनं थुंकीची तपासणी करून घेतली, टीबी नव्हता. तो रिपोर्ट तिनं डबे ठेवायच्या फळीवर चिकटवला आणि नळावर जाऊन सगळ्या बायकांना काय केलंय ते सांगितलं, पोटावरच्या खुणाही दाखवल्या. दोन गिऱ्हाइकं परत आली. आम्हाला मात्र एक गोष्ट अजून खटकते. टीबी असता तरी काय झालं असतं? औषधानं बरा होणारा आजार. ज्यांच्या आज्यापणज्यांनी लोकांचं लांबून वाढणं सोसलं, त्यांच्या गल्लीत दारात डबा ठेवून परत जायचं?

२०२३ च्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती. सहा महिने झाले होते, अक्काला बरं वाटत होतं, आणि खिरीला नाही कसं म्हणायचं? अर्धी वाटी खाल्ली. पंधरा-वीस मिनिटांत घामानं डबडबली, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा, मग संडासला पळापळ. विहाराच्या मागच्या खोलीत तिला आडवं केलं. बायपासमध्ये गोड सरळ आतड्यात उतरतं आणि अंगातलं पाणी आतड्याकडं ओढलं जातं, म्हणून असं होतं. डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात. तासाभरात उतरतं, पण बाईला वाटतं आता आपण गेलो. ज्या काकूंनी खीर वाढली होती त्या रडवेल्या झाल्या. आता अक्का आधी अंडं नाहीतर चणे खाऊन जाते आणि खिरीचा एक चमचा घेते. भोजनदानाच्या पंगतीत तिला आग्रह करायचा नाही, हे वाढणाऱ्या मुलांनाही ठाऊक झालंय. उपोसथाचं डॉक्टरांना विचारलं. पहिलं वर्ष तरी दुपारनंतर उपाशी राहू नका, म्हणाले. थोडं थोडं पाच-सहा वेळा खाल्लं तरच साठ ग्रॅम भरतात.

दारूचा प्रश्न अक्काला नव्हता, पण पुरुषांसाठी सांगून ठेवतो, कारण रुग्णालयात आमच्या ओळखीचे झालेले एक गृहस्थ त्यातच अडकले. बायपासनंतर दारू फार लवकर रक्तात चढते, आधी खाण्यात असलेला जीव दारूकडं वळतो, आणि हे बहुधा दुसऱ्या वर्षापासून सुरू होतं, जेव्हा सगळे बेफिकीर झालेले असतात. पाचवं शील घेतलेल्या माणसाला डॉक्टरांनी वेगळं काही सांगायची गरज पडू नये, पण पडते.

कातडीचंही कुणी सांगत नाही. दंड लोंबतात, पोटाची घडी मांडीवर येते. मे महिन्यात घडीत घाम साचून कातडी सोलवटली. दिवसातून दोनदा धुऊन, कोरडं करून, जुन्या सुती साडीची पट्टी आत ठेवायची, एवढाच उपाय. कातडी काढायचं ऑपरेशन वेगळं, त्याचे पैसे वेगळे. अक्कानं तो विषय बंद केलाय.

आता आमची खरी चूक सांगतो.

ऑपरेशननंतर चार प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. सगळी जीवनसत्त्वं असलेली एक, लोहाची, कॅल्शियमची, डी आणि बी-१२ ची. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या आगेमागे चहा नाही, कारण चहा लोह अडवतो. महिन्याला हजार-बाराशे रुपये जायचे. वर्ष झालं. अक्का ७९ किलोवर आली. तीन महिन्यांची साखर १०.२ होती ती ६.१ झाली. एकशे चाळीस पायऱ्या ती न बसता चढली, आणि वर येऊन आम्हालाच म्हणाली, "दमलात काय गं?" त्या दिवाळीत भाचीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता आला. अक्का म्हणाली, "मला काय झालंय? कशाला गोळ्या?" आणि आम्ही तिघांनी, दाजी आणि आम्ही दोघींनी, मान हलवली. रुग्णालयाची तारीख चुकवली. पुढची पण चुकवली. वजन आणखी उतरून ७४ झालं, तेव्हा तर आम्ही खूषच होतो.

दहा महिने काहीच झालं नाही. हेच फसवं आहे. बी-१२ चा साठा अंगात बराच काळ पुरतो, म्हणून तो संपत आल्याचं कळत नाही. जेवणातून ते शोषायला जठरातला रस लागतो, आणि बायपासमध्ये अन्नाची वाटच बदललेली असते. लोह आतड्याच्या पहिल्या भागात शोषलं जातं, तो भागही वगळलेला. म्हणजे कलेजी, अंडी कितीही खाल्ली तरी गोळी किंवा सुई लागतेच. त्यात अक्काची पाळी जाता जाता अंगावरून भरपूर जात होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पोळ्यांचा हिशेब चुकायला लागली. भाजीत मीठ दोनदा. आम्ही हसलो, वय झालं म्हणालो. तळपायाला मुंग्या यायच्या, ती म्हणायची साखरेमुळं असेल. मग एका संध्याकाळी ती खालून वर आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. चप्पल कुठं निसटली ते तिला कळलंच नव्हतं. भाचा खाली जाऊन शोधून आला, पन्नास पायऱ्या खाली पडली होती. तेवढ्या पायऱ्या ती एका अनवाणी पायानं चढली आणि सिमेंटचा, खड्याचा स्पर्श तिला लागला नाही.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.१, बी-१२ जवळपास तळाला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. पहिले दिवस एक दिवसाआड बी-१२ ची सुई, मग आठवड्याला, आता महिन्याला. लोह सलाईनमधून दोनदा द्यावं लागलं. डोकं महिन्याभरात ताळ्यावर आलं. मीठ एकदाच पडायला लागलं. पायाच्या मुंग्या कमी व्हायला सहा महिने गेले. डाव्या पायाची तीन बोटं अजून बधिर आहेत. नस किती भरून येईल ते सांगता येत नाही, म्हणाल्या. आधीच आला असतात तर हे झालंच नसतं, हे त्या म्हणाल्या नाहीत, आम्हीच घरी येताना एकमेकींना म्हणालो.

बी-१२ ची सुई फार स्वस्त असते. कॅल्शियम, लोह, डी यांच्या गोळ्या जनऔषधी दुकानात बऱ्याच कमी पैशांत मिळतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना दाखवून, तेच घटक आहेत ना हे पाहून आम्ही बदलून घेतल्या. आता खर्च निम्म्याहून कमी येतो. दाजी महिन्याच्या किराण्याची यादी करतात, तिच्यात तांदूळ, तूरडाळ, तेल आणि चौथ्या ओळीवर "हिच्या गोळ्या" असं असतं. साबण त्याच्या खाली.

आज अक्का ७८ किलोची आहे. चार किलो परत आले, तेवढे बहुतेकांचे येतात. साखरेची एक गोळी पुन्हा सुरू झालीय. बारीक बाई झालेली नाही, कुणी बारीक बाई व्हायला हे करत असेल तर निराश होईल. गुडघा दुखला तर पूर्वीसारखी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणत नाही. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जोडावर अल्सर होतो, संडास काळी झाली तर रक्त जातंय समजायचं. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेते. वर्षं गेल्यावरही पोटात एकदम जोराची पिळवटणारी कळ आली तर रुग्णालयात जायचं आणि बायपास झालाय हे आधी सांगायचं, आतड्याला पीळ पडू शकतो. म्हणून पर्समध्ये एक चिठ्ठी असते, त्यावर ऑपरेशनचं नाव आणि तारीख. संध्याकाळी ती पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली करते, हाडांसाठी आणि मांसासाठी. गल्लीतली पोरं हसतात. दोघी-तिघी आता तिच्याबरोबर उभ्या राहतात.

तर, "मी करू का?" विचारणाऱ्या बायकांना आम्ही आता उलट प्रश्न विचारतो. पहाटेचं पाणी कोण भरणार? पाच वर्षांनी गोळ्यांचे पैसे कुठून येणार? दर सहा महिन्यांनी, मग वर्षानं, रक्त तपासायला कोण घेऊन जाणार? ज्यांच्या घरात उत्तरं आहेत त्यांना म्हणतो, जा, डॉक्टरांना भेटा, भिऊ नका. तिशीतल्या मुलींना आणखी एक सांगतो, की वजन उतरताना दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष ते टाळायचं असतं.

अक्काला विचारलं, पुन्हा वेळ आली तर करशील का? तिनं पिठाचा हात पुसला, म्हणाली, "करीन. पण दिवाळीत तुमचं ऐकणार नाही." आम्ही म्हटलं, ते आमचं नव्हतं, तुझंच होतं. यावरून अजून वाद चालू आहे.

तिची पुढची रक्ततपासणी येत्या सोमवारी आहे. केसपेपरची खिडकी आठला उघडते, नंबर लावायला सहाला निघावं लागतं. मागच्या वेळी थोरली गेली होती, यावेळी पाळी धाकटीची.